बाबा, इथे डबल बेल नाही

बर्मिंगहॅम, अलाबामा

ती. बाबा आणि आईस,
सा. न. वि. वि.

"गाडी गॅरेजात आहे तर बसनं जा की," असं बाबा फोनवर सहज म्हणाले. शनिवारी खरंच गेले, माँटगोमेरीला. अंतर आपल्या संगमनेर-पुण्याएवढंच. पण दिवसभरात गाड्या मोजक्या, त्यात माझी पावणेदोन तास उशिरा आली. चौकशीची खिडकी बंद, विचारणार कुणाला? बाबा, इथे कंडक्टर नसतो. ड्रायव्हरच तिकीट बघतो, तोच बॅगा चढवतो. तुम्ही असतात तर पहिल्या थांब्यालाच भांडला असतात.

रस्ता मात्र बघत राहावा असा. आय-65 हा हमरस्ता राज्याच्या उत्तर टोकापासून थेट खाली समुद्राकाठच्या मोबील शहरापर्यंत जातो. आई, वाटेत क्लँटनला पाण्याची टाकी आहे, अगदी पीचच्या आकाराची! तिकडे पीचच्या बागा आहेत ना.

एवढा रस्ता असून बस का नाहीत? पेट्रोलवरच्या कराचा पैसा फक्त रस्ते आणि पुलांवर खर्च करायचा, अशी दुरुस्ती 1952 साली राज्याच्या घटनेतच करून ठेवली आहे. बसच्या वाट्याला त्यातलं काही येत नाही. ज्याच्याकडे मोटार नाही त्यानं काय करायचं, हे कुणी विचारलेलं दिसत नाही.

आणि गाव कुठलं, तर माँटगोमेरी! 1 डिसेंबर 1955 ला रोझा पार्क्स ही काळी बाई गोऱ्या उतारूसाठी बसमधल्या आपल्या जागेवरून उठली नाही, ते इथेच. तेव्हा काळ्या उतारूंनी पुढच्या दारानं चढून पैसे द्यायचे, खाली उतरायचं आणि मागच्या दारानं परत चढायचं. कधी कधी ते मागे पोचायच्या आत ड्रायव्हर गाडी हाणायचा. पैसे घेऊन! हे वाचताना मला तुमचा तिकिटांचा ट्रे आठवला. सुट्ट्या चार आण्यांसाठी तुम्ही उतारूला शोधत फलाटभर फिरायचात.

याच्या निषेधात पुढे 381 दिवस काळे लोक बसमध्ये चढले नाहीत. काळे टॅक्सीवाले बसच्या भाड्यात, 10 सेंटमध्ये, लोकांना नेऊ लागले. शहरानं 45 सेंटपेक्षा कमी घ्यायचे नाहीत म्हणून नियम काढला, मग चर्चनं मोटारी जमवल्या. 1961 मध्ये ज्या स्टँडवर फ्रीडम रायडर्सना, म्हणजे बसमधला वर्णभेद मोडायला एकत्र प्रवास करणाऱ्या काळ्या-गोऱ्यांना, जमावानं मारलं, तिथे आता संग्रहालय आहे. मी बाहेरच्या पाट्या वाचत बराच वेळ उभी होते.

परतीच्या गाडीत शेजारच्या आजींनी पिशवी पुढे केली. उकडलेल्या शेंगा! मिठातल्या, सालासकट, आपल्यासारख्याच. तुम्ही एसटीत होतात हे सांगितल्यावर त्यांनी पेन्शन किती मिळते ते विचारलं. मी आकडा सांगितला नाही.

मोटार मंगळवारी मिळेल. आई, शेंगा उकडताना तू हळद घालतेस की नुसतं मीठ, तेवढं कळव.

तुमची,
माई