केबल बदलण्याआधी कुशन बदला

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या पुरवणीत ओपन-बॅक, म्हणजे उघड्या पाठीच्या, हेडफोनचा आवाज सुधारण्यावर आलेला लेख वाचला. लेख उत्साहाने लिहिलेला होता, पण त्याचा निम्म्याहून जास्त मजकूर केबलवर खर्ची पडला होता. चांदीचा मुलामा, विणीचे प्रकार, सोनेरी जॅक, सगळं त्यात होतं. कानाभोवती टेकणाऱ्या इअरपॅडच्या वाट्याला मात्र एकच वाक्य आलं, आणि तेही आरामाच्या संदर्भात. हा क्रम उलटा आहे, म्हणून हे पत्र.

मी बोलक्या पुस्तकांचं ध्वनिसंपादन करते. वाचणाऱ्याचा श्वास कुठे अडकला, ‘स’ कुठे शिट्टीसारखा वाजला, पान उलटल्याची खसखस कुठे राहून गेली, हे तासन्‌तास ऐकत बसणं हे माझं काम. बंद पाठीच्या हेडफोनमध्ये कान तापतात आणि स्वतःच्या जबड्याची हालचालसुद्धा ऐकू येते, त्यामुळे मी पाठ उघडी असलेलेच वापरते. ते खोलून, त्यात फेल्ट (दाबलेल्या तंतूंचं जाड कापड) घालून-काढून पाहण्याचा नाद या कामातूनच लागला. आवाज ‘भारी’ वाटण्याशी मला फारसं देणंघेणं नाही. रेकॉर्डिंगमध्ये जे आहे ते ऐकू यावं आणि जे नाही ते ऐकू येऊ नये, एवढीच अपेक्षा.

या अपेक्षेने पाहिलं तर पॅड हा हेडफोनच्या ध्वनिरचनेचाच भाग ठरतो. ड्रायव्हर (थरथरणाऱ्या पडद्याचा, आवाज काढणारा भाग) आणि कान यांच्यातलं अंतर, ड्रायव्हरचा कानाशी होणारा कोन, मधल्या हवेच्या कप्प्याचं आकारमान आणि कडेने होणारी गळती, या चारही गोष्टी पॅड ठरवतो. उघड्या पाठीच्या हेडफोनमध्ये पडदा पुढे सरकतो तेव्हा समोरची हवा दाबली जाते आणि मागची विरळ होते. खालच्या स्वरांत या दोन लाटा एकमेकींपर्यंत पोहोचल्या की एकमेकींना खाऊन टाकतात. पॅड नीट टेकलेला नसेल तर हा मार्ग आणखी मोकळा होतो आणि बेस गळून जातो. माझ्यासारख्या चष्मेवाल्यांनी एक प्रयोग करून पाहावा. हेडफोन लावलेले असतानाच चष्म्याच्या काड्या कानांवरून अलगद वर उचला. तबल्याच्या डग्ग्याची घुमक तेवढ्यानेसुद्धा बदलते.

आता पॅड झिजतो म्हणजे काय होतं ते पाहा. आतला फोम महिनोन्‌महिने डोक्याच्या दाबाखाली राहून बसतो. घाम आणि दमट हवा पॉलियुरेथेनला हळूहळू पोखरत असते. जाडी काही मिलिमीटरनी कमी होते, कान ड्रायव्हरच्या जवळ जातो, कधी कधी आतल्या कापडाला टेकतोसुद्धा. हे इतकं सावकाश होतं की ऐकणाऱ्याला पत्ता लागत नाही. माझ्या सेनहायझर कंपनीच्या एचडी ६०० वर पॅड असे दबले की मधल्या स्वरांचा पट्टा पुढे येतो, वाचणारी बाई दोन हात लांब बसण्याऐवजी कपाळात बसून बोलायला लागते. मग माणूस म्हणतो, हेडफोन जुना झाला, वरचं मॉडेल घ्यावं. जुना झालेला असतो फक्त पॅड. एचडी ६०० हे १९९७ चं मॉडेल आहे. त्याचे पॅड हाताने ओढून निघतात, केबल दोन पिनांच्या जोडणीने सुटते आणि ड्रायव्हरसुद्धा कोणतंही हत्यार न वापरता काढता येतो. या रचनेमुळेच ते इतकी वर्षं टिकून आहे.

ही युक्ती आजची नाही. सेनहायझरचा १९६८ मधला एचडी ४१४ हा पहिला ओपन-बॅक हेडफोन मानला जातो. त्याची ओळखच मुळी पिवळ्या स्पंजचे पॅड ही होती, आणि ते काढून नवे घालता येत असत. ग्राडो कंपनीच्या हेडफोनधारकांना तर पॅडचं महत्त्व सांगायलाच नको. त्याच ड्रायव्हरवर चपटा फोम लावला की कान जवळ येतो आणि आवाज भरीव, ऊबदार होतो. वाटीच्या आकाराचा लावला की ट्रेबल, म्हणजे वरचे स्वर, उजळतं आणि जागा मोकळी वाटते. हे सगळं एकही तार न बदलता.

मटेरियलचाही हिशेब आहे. वेलूर, म्हणजे मखमलीसारखं कापड, सच्छिद्र असतं. त्यातून खालचे स्वर थोडे निसटतात आणि वरचे थोडे शोषले जातात. रेक्झिन किंवा चामडं हवा अडवतं, त्यामुळे बेस वाढतो, पण आतल्या गुळगुळीत भिंतीवरून वरचे स्वर उलटून परत येतात. म्हणून बाजारात मिळणारे जाड, गुबगुबीत, मेंढीच्या कातड्याचे पॅड एखाद्या हेडफोनला लावले की हाती येतो तो वेगळ्याच सुरावटीचा दुसरा हेडफोन. तो आवडला तर आनंद आहे! माझा सल्ला एवढाच की आधी मूळ पॅडची नवी जोडी लावून आठवडाभर ऐकावं. बऱ्याच जणांची ‘अपग्रेड’ची भूक तिथेच भागते.

पॅडनंतर माझ्या यादीत फेल्ट आणि फोम येतात. लेखात यांचा उल्लेखच नाही, आणि खरी गंमत तर इथेच आहे. सेनहायझरचा एचडी ८०० हा २००९ मध्ये आला. तपशिलासाठी तो नावाजला गेला, पण ६ किलोहर्ट्झच्या आसपास त्याला एक टोक होतं, म्हणजे तेवढेच स्वर जास्त मोठे वाजत, आणि तंतुवाद्यं व ‘स’, ‘श’ तिथे बोचत. मालकांनी ड्रायव्हरभोवतीच्या उघड्या जागी फेल्टचे, फोमचे तुकडे बसवून ते टोक बोथट करायला सुरुवात केली. पुढे काहींनी अनुनादक बसवण्याची युक्ती काढली. रिकाम्या बाटलीच्या तोंडावर फुंकर घातली की ती एकाच ठरावीक स्वरात बोलते. तशीच नेमक्या मापाची पोकळी हेडफोनमध्ये ठेवली तर ती त्या एका स्वराची ऊर्जा स्वतःकडे ओढून घेते. २०१६ मध्ये कंपनीने एचडी ८०० एस आणला, तो याच तत्त्वावरचा शोषक आत बसवून. हौशी लोकांनी टेबलावर बसून हेरलेला दोष खरा होता, याला याहून चांगली पावती कुठली?

फोस्टेक्स कंपनीच्या टी५० आरपी या हेडफोनची गोष्टही अशीच आहे. अर्ध्या उघड्या पाठीचा, सपाट पडद्याचा हा हेडफोन लोकांनी इतका खोलला आणि भरला की मूळ रूपात वापरणारे कमी असावेत असं वाटतं. कापूस, फेल्ट, चिकणमाती, छिद्रांवर टेप, सगळं वापरून झालं. कप पोकळ वाजत असेल तर त्याच्या प्लास्टिकला वजन दिल्याने थरथर कमी होते. कापूस आतले प्रतिध्वनी शोषतो. छिद्रं कमी-जास्त झाकली की बेसचा तोल बदलतो. पण हाच प्रयोग पूर्ण उघड्या हेडफोनच्या पाठीवर टेप लावून करू नये. पाठ झाकली की ती हवा कोंडते, नवे अनुनाद तयार होतात, आणि ज्या मोकळेपणासाठी तो घेतला तोच जातो.

फेल्टबाबत एक सूचना. कमीत कमी लावा आणि चिकटवू नका. ड्रायव्हरच्या समोर पूर्ण चकती ठेवली की ट्रेबल मऊ होतं खरं, पण त्याबरोबर व्यंजनांची धारही जाते. ‘त’ आणि ‘थ’ मधला फरक ऐकणं हे माझं पोट आहे, म्हणून मी कडेपुरतीच चकती कापते. बदल जमला की नाही हे मी तानपुऱ्यावर तपासते. चांगल्या जव्हारीचा (तारा घोडीवर नीट झणकतील अशा जुळणीचा) तानपुरा वरच्या स्वरांशांचा सलग झोत सोडत असतो. हेडफोनमध्ये एखादं टोक असेल तर त्या झोतातला एकच स्वरांश बाकीच्यांना ढकलून पुढे उभा राहतो.

आता केबल. ३०० ओमच्या हेडफोनला अर्धा ओम रोधाची केबल जोडली तर पातळीत पडणारा फरक डेसिबलच्या शंभराव्या भागाच्या आसपास येतो. तार सुटली असेल, अडचणीची लांब असेल, कपड्यावर घासून खरखर कानात नेत असेल, तर जरूर बदलावी. बायरडायनॅमिक डीटी ९९० सारख्या, केबल कायमची जोडलेल्या हेडफोनला सॉकेट बसवून घेणं हेही शहाणपणाचं, कारण तुटलेली केबल मग मिनिटात बदलता येते. यात आवाज सुधारतो असं मात्र म्हणू नये. विजेच्या बाजूने खरोखर काही बदलायचं असेल तर अ‍ॅम्प्लिफायरचा आउटपुट रोध पाहावा. एचडी ६०० चा रोध कागदावर ३०० ओम असला तरी १०० हर्ट्झच्या आसपास तो ५०० च्या घरात जातो. १२० ओमच्या आउटपुटवर त्यामुळे बेस जवळजवळ एका डेसिबलने फुगतो. हा फरक मोजता येतो आणि लक्ष देऊन ऐकला तर कळतोसुद्धा.

इक्वलायझरला, म्हणजे वेगवेगळ्या स्वरपट्ट्यांची पातळी कमी-जास्त करणाऱ्या साधनाला, नाक मुरडणारे पुष्कळ आहेत. मी त्यांच्यात नाही. शॉन ऑलिव्ह आणि टॉड वेल्टी यांनी हरमन कंपनीत केलेल्या संशोधनातून दिसलं की चांगल्या खोलीत ठेवलेल्या चांगल्या स्पीकरच्या जवळ जाणारा तोल बहुसंख्य श्रोत्यांना हेडफोनमध्येही आवडतो. ओपन-बॅकमध्ये बहुधा कमी पडतो तो सगळ्यात खालचा बेस. इक्वलायझर एपीओसारख्या फुकट सॉफ्टवेअरने तो ४-५ डेसिबल उचलता येतो, फक्त एकूण पातळी तेवढीच खाली आणायला विसरू नये, नाहीतर आवाज फाटतो. पण फाटक्या पॅडवर बेस ओतणं म्हणजे नुसतं पडद्याला जास्त पळवणं. म्हणून आधी पॅड, मग इक्वलायझर.

बदलाचा निवाडा कानाच्या आठवणीवर सोडू नये, असं मला फार वाटतं. पॅड काढून लावेपर्यंत मिनिटं जातात आणि तोवर आधीचा आवाज नेमका कसा होता हे मन आपल्या सोयीने ठरवतं. शिवाय एका डेसिबलने मोठा वाजलेला हेडफोन हमखास ‘स्वच्छ’ वाटतो. लाकडी फळीत एक छोटा इलेक्ट्रेट माइक बसवावा, त्यावर कप टेकवावा आणि रूम ईक्यू विझार्डसारख्या फुकट सॉफ्टवेअरने आधी व नंतर आलेख काढावा. दर वेळी कप उचलून पुन्हा ठेवावा आणि काही आलेखांची सरासरी घ्यावी. फळीला कानाची पाळी नसते, त्यामुळे हा आलेख आवाज खरा कसा आहे ते सांगत नाही. काय बदललं ते मात्र सांगतो. साधारण ८-१० किलोहर्ट्झच्या वर त्याच्यावरही फार विश्वास ठेवू नये, तिथे कप केसभर सरकला तरी रेघ नाचते.

आणि खोलताना जपावं. ड्रायव्हरच्या मागे लोहचुंबक असतो. स्टीलचा स्क्रू-ड्रायव्हर जवळ नेला की तो हातातून झेप घेतो आणि समोर पडदा असेल तर आरपार जातो. लोखंडाचा कीस पडलेल्या टेबलावर हे काम करूच नये. पडद्याला हलवणाऱ्या व्हॉइस कॉइलच्या (तारेच्या वेटोळ्याच्या) तारा केसाहून बारीक असतात, सोल्डरिंग आयर्न क्षणभरच टेकवावं. एखाद्या बाजूने ठरावीक स्वरावर बझ्झ असा आवाज येऊ लागला की ड्रायव्हर गेला असं समजून घाबरू नये, बहुतेक वेळा डोक्यावरचा एखादा केस आत शिरून पडद्याला टेकलेला असतो. प्लास्टिकच्या चिमट्याने तो काढावा. फुंकर मारू नये आणि व्हॅक्यूम क्लीनर तर मुळीच लावू नये.

संपादक महोदय, एक विनंती आहे. आपल्याकडे हेडफोनची परीक्षणं नेमाने छापून येतात. त्यांत ड्रायव्हरचा व्यास आणि डब्याची सजावट असते. त्याऐवजी, किंवा त्याबरोबर, प्रत्येक परीक्षणात चार ओळी द्याव्यात. पॅड निघतात का, आणि मूळ पॅड सुटे मिळतात का? केबल दोन्ही टोकांनी सुटते का? कप स्क्रूने जोडलेला आहे की गोंदाने? डोक्यावरच्या पट्टीची गादी बदलता येते का? परीक्षकाने हेडफोन हातात घेतलेलाच असतो. एवढं पाहायला त्याला वेळ लागणार नाही.

कळावे,
एक ध्वनिसंपादिका

ता. क. – लेखात प्रवासात वापरण्यासाठीही ओपन-बॅक सुचवला आहे. गोंगाट आत येऊ देणं हा त्याच्या रचनेचाच भाग आहे, आणि कुठलाही फेल्ट, पॅड वा केबल तो थांबवू शकत नाही. मग माणूस आवाज वाढवत जातो. जागतिक आरोग्य संघटनेच्या मार्गदर्शनानुसार प्रौढांसाठी मर्यादा आठवड्याला ८० डेसिबलवर ४० तास अशी आहे, आणि पुढे दर ३ डेसिबलला ती वेळ निम्मी होते. प्रवासासाठी बंद पाठीचाच घ्यावा.