ताईला माझा आवाज पोचला

सांगली, मंगळवार, रात्रीचे साडेअकरा

प्रिय विन्या,

सप्रेम नमस्कार. इकडे सगळे बरे. आईचा गुडघा तसाच, माझी शुगर काठावर. बाकी ठीक.

आठ महिने तुला फोन नाही, हे माझ्या ध्यानात आहे. फोन न करता पत्र लिहितोय, कारण तू मध्येच बोलतोस आणि मला हे एका दमात सांगायचंय. आज रात्री पावणेदहाला हरिपुरात ताईला माझा आवाज ऐकू आला. घरात सांगितलं तर आई म्हणाली, "रोजच ऐकते की तुझा आवाज." तुला मात्र कळेल.

जुना एक कॉम्प्युटर घेतला, त्यावर लिनक्स आणि अॅस्टेरिस्क टाकलं. म्हणजे आपलं ईपीएबीएक्सच, ऑफिसातले फोन आपसात जोडणारं एक्सचेंज, फक्त कार्ड नाही, जंपर नाही, सगळं सॉफ्टवेअर. १०१ माझ्या टेबलावर, १०२ ताईच्या मोबाईलमधल्या अॅपवर. आपसातलेच दोन एक्स्टेन्शन. बाहेरच्या लाईनला जोडलेलं नाही, तो परवान्याचा मामला आहे. पहिल्याच दिवशी रिंग वाजली. ताईनं उचलला आणि ती बोलते ते मला स्वच्छ ऐकू येतंय, पण माझा शब्द तिकडे जात नाही. "अरे बोल की! उचललाय मी!" बारा दिवस, रोज रात्री हेच. बिचारी स्वयंपाकाची आवराआवर सोडून बसायची.

आपल्या काळात एकतर्फी आवाज आला की आपण काय करायचो? रिसीव्हरचा माऊथपीस बदलायचो, कॉर्ड हलवून बघायचो. इथं हलवायला काहीच नाही. शेवटी आज वायरशार्क लावून बसलो. त्यात वायरीवरून जाणारं माहितीचं प्रत्येक पॅकेट उघडून वाचता येतं. बघतो तर माझा सर्व्हर पुन्हा पुन्हा एकच हाक मारतोय: १९२.१६८.१.७ कोण आहे? १९२.१६८.१.७ कोण आहे? कुणी ओ देत नाही. माझ्या घरात सात नंबरचं कुणी नाहीच! मग ताईच्या फोनचा निरोप उघडला. त्यात तिच्या फोननं लिहिलंय, माझ्यासाठीचा आवाज १९२.१६८.१.७ वर पाठवा. तो तिच्या घरातला, वायफायनं दिलेला पत्ता. तसले पत्ते गावात घरोघरी असतात. पाकिटावर नुसतं "माजघर" लिहून टपालात टाकावं, तसं झालं होतं. आणि माझा सर्व्हर इमानानं आमच्याच घरात ते माजघर शोधत होता.

उपाय एका ओळीचा. आरटीपी सिमेट्रिक चालू करायचं. म्हणजे निरोपात काय लिहिलंय ते सोड, आवाज जिकडून आला तिकडेच परत पाठव. ओळ टाकली, १०२ लावला. ताई म्हणाली, "हां, आता येतोय. जेवलास का?" विन्या, मला उत्तरच देता येईना. आपल्याला काम शिकवणाऱ्या मिस्त्रींनी पहिल्यांदा टेस्ट फोन हातात दिला आणि आपण स्वतः जोडलेल्या तारांच्या पेअरवर डायल टोन ऐकला, तेव्हा तू खांबावरून ओरडला होतास. मी आज ओरडलो नाही, चिमी झोपली होती.

आता २०१९ चं. ते मनातून जात नाही. कृष्णेचं पाणी आयर्विन पुलाजवळ ५७ फुटांवर गेलं, तेव्हा तळघरातलं आपण दोघांनी बसवलेलं ईपीएबीएक्स बुडालं. मी एकेक कार्ड काढून गच्चीवर वाळवत होतो आणि तू पुण्याहून फोनवर म्हणालास, "बुडालं ते बरं झालं, आता तरी नेटवर्कवरचे आयपी फोन शीक." मी तुला काय काय बोललो ते तुला पाठ असेल. त्यानंतर लग्नाकार्यात भेटलो, पण त्या विषयावर दोघांनीही अक्षर काढलं नाही. तुझं म्हणणं बरोबर होतं. वेळ चुकीची होती, एवढं मी अजूनही म्हणेन. चिखल पायाला असताना असं बोलू नये.

पण एक गोष्ट तुलाही चुकीची ठाऊक होती. तू म्हणायचास, तांब्याचं सगळं विसर, हे वेगळंच आहे. वेगळं नाही रे! जी.७११ कोडेक घे, म्हणजे आवाजाचे आकडे करायची रीत. सेकंदाला आठ हजार नमुने, प्रत्येकी आठ बिट, म्हणजे सेकंदाला चौसष्ट हजार बिट. आपल्या डिजिटल पीआरआय लाईनच्या तीस चॅनेलांतला एकेक चॅनेल एवढाच नव्हता का? आता तोच आवाज वीस-वीस मिलिसेकंदांचे तुकडे करून, सेकंदाला पन्नास पॅकेटांत जातो, एवढाच फरक. फोनला नेटवर्कच्या केबलमधूनच वीज मिळते, तीसुद्धा आपल्या जुन्या लाईनसारखी ४८ व्होल्टच्या आसपास. हे वाचलं आणि तुझी आठवण आली. मार्केट यार्डात हळदीच्या अडत्याकडे तू वायर दातानं सोलत होतास आणि नेमकी त्याच लाईनवर रिंग आली. दिवसभर तू बोबडं बोलत होतास आणि हमाल तुला मुद्दाम नाव विचारत होते.

आणि एसआयपी, म्हणजे कॉल जुळवायची भाषा! कॉल लावला की आधी 'इन्व्हाइट' जातं, आपल्या भाषेत आवतण. तिकडून 'रिंगिंग', उचलला की 'ओके', मग आपली पोच. आजही चालतं ते त्याचं मुख्य टिपण जून २००२ चं. म्हणजे ते छापून आलं तेव्हा आपण वायरींचे रंग, पांढरा-निळा, पांढरा-नारिंगी, पांढरा-हिरवा घोकत होतो. आपल्याला कुणी सांगितलंच नाही.

शिकायला गेलो फोन आणि शिकत बसलो नेटवर्क. पहाटे साडेचार ते साडेसहा सीसीएनए या नेटवर्कच्या परीक्षेचा अभ्यास. सबनेटिंग, म्हणजे नेटवर्कच्या पत्त्यांची वाटणी, आता कागदाशिवाय जमतं. फोन आणि कॉम्प्युटर एकाच केबलवर असले तरी आवाजाचा व्हीलॅन, म्हणजे त्याच केबलवरचं स्वतंत्र नेटवर्क, वेगळा काढायचा, हे स्विचवर करून बघितलं. चिमी व्हिडिओ उतरवायला लागली की आवाज तुटायचा, म्हणून आवाजाच्या पॅकेटांवर ४६ ची खूण मारून राउटरवर त्यांना आधी वाट दिली. बाहेर इंटरनेटवर त्या ४६ ला कुणी विचारत नाही, आपल्या उंबऱ्याच्या आतच त्याचा मान. पण उंबऱ्याच्या आत आवाज तुटेनासा झाला.

आता खरी गोष्ट. हिंजवडीतल्या एका कंपनीनं शुक्रवारी अकरा वाजता मुलाखतीला बोलावलंय. व्हॉइस सपोर्ट, परदेशी गिऱ्हाईक, रात्रपाळी. इकडे दुकानात देखभालीची कामं आटत चाललीत. मिरजेच्या एका हॉस्पिटलनं परवाच सगळे फोन आयपीवर नेले. बसवणारे पुण्याचे आले, दोन दिवसांत गेले. मला फक्त जुनी केबल उपटायला बोलावलं. आपणच ओढलेली केबल, विन्या, मिस्त्रींच्या गाठी तशाच होत्या. मी गाठी सोडल्या, कापल्या नाहीत.

चव्वेचाळीसाव्या वर्षी चोवीस वर्षांच्या पोरांच्या रांगेत बसायचं. इंग्रजी वाचतो सगळं, बोलताना अडतं. सीसीएनएची परीक्षा अजून द्यायचीय. आई सांगली सोडणार नाही, चिमीची पुढल्या वर्षी दहावी. ही म्हणते, "जा, मी बघते." ती असं म्हणते म्हणूनच जास्त भीती वाटते. नाही जमलं तर कुठल्या तोंडानं परत येऊ? आणि नाही गेलो तर उरलेली केबल उपटत बसू? कधी वाटतं, लोक व्हॉट्सअॅपवर बोलतात, ऑफिसचे फोन तरी किती दिवस राहणार? मग वाटतं, आवाज तर तिथंही पॅकेटांतूनच जातो, अडकला की शोधायला कुणीतरी लागणारच. ते मला येतं. आजच्या रात्रीनंतर हे मी छातीवर हात ठेवून सांगतो. तिथं, काचेच्या खोलीत, सांगता येईल का, एवढंच माहीत नाही.

तुझ्या पोराचा दहावीचा निकाल ताईकडून कळला, फार छान. नव्या फ्लॅटचं पाणी आलं का? वहिनींना नमस्कार सांग, भडंग पाठवतोय, लसूण जास्त घालायला सांगितलाय.

तुझ्यासाठी १०३ काढून ठेवलाय. अॅपची माहिती आणि पासवर्ड मोबाईलवर पाठवतो. गुरुवारी रात्री नऊला १०१ लाव. साहेबासारखं बोल, इंग्रजीतच, आणि अडलो तर अडू दे, सांगू नकोस. एकतर्फी आवाजाचा प्रश्न मात्र नक्की विचार. आणि शेवटी, जावं की नाही, ते तुला वाटतं तसं सांग. २०१९ सारखं सांगितलंस तरी चालेल, मी फोन ठेवणार नाही.

तुझाच,
बाळू