गाडी कुठून गळत होती ते सापडलं बरं का

चि. ओंकार,

फोनवर तू घाईत असतोस आणि शेजारी पप्पा बसलेले असतात, म्हणून हे लिहून पाठवतेय. जेवताना निवांत वाच.

पिकअपचं पाणी सापडलं. पंधरा दिवस नुसता वैताग होता. सकाळी दार उघडलं की क्लीनरच्या बाजूला पायात डबकं, आणि वास असा की ओलं बारदान महिनाभर कोंडून ठेवलंय. गोदावरीला पूर आला की आपण नदीतल्या दुतोंड्या मारुतीच्या कुठपर्यंत पाणी आलं ते बघतो ना, तसं पप्पा रोज मॅटवर बोट टेकवून म्हणायचे, आज घोट्यापर्यंत. पिंपळगावला टोमॅटो घेऊन गेले त्या दिवशी तर सीटमागे ठेवलेली कागदांची पिशवीच भिजली, आरसी, पीयूसी, विम्याचा कागद, सगळं मी तव्याशेजारी धरून वाळवलं. आणि मग रात्री दीड वाजता हॉर्न आपोआप वाजायला लागला, अख्खी गल्ली उठली. पप्पा बनियनवरच पळाले बॅटरीची वायर काढायला. फ्यूज बॉक्स डावीकडेच खाली आहे, त्यात पाणी जाऊन पिनांवर हिरवं चढलं होतं.

आता पप्पांचा उपाय ऐक. काचेचं रबर गेलं असणार म्हणून सिलिकॉनच्या दोन ट्यूब आणल्या आणि दिसेल त्या फटीत भरल्या. काचेला भरलं, दाराला भरलं, आणि दाराच्या खालच्या कडेला ती बारकी होलं असतात ना, तीसुद्धा बुजवली! अरे ती पाणी बाहेर जायलाच ठेवलेली असतात, काचेवरून उतरलेलं पाणी दाराच्या पोटात जातं आणि तिथून खाली पडतं. दुसऱ्या दिवशी दार उघडलं तर आत भरलेल्या कळशीसारखं डुचमळतंय. मी खराट्याची काडी घेऊन बसले आणि एकेक होल मोकळं केलं, दोन्ही दारांचं मिळून बादलीच्या तळाला चांगलं चार बोटं पाणी निघालं. हसू नकोस, तेव्हा मलाही हसता आलं नाही.

मग म्हटलं आता मी बघते. मखमलाबादच्या जुन्या घराला कौलं होती तेव्हा तू फार लहान होतास, तुला आठवत नसेल. चुलीवर पाणी पडायचं आणि फुटलेलं कौल असायचं पार देव्हाऱ्याच्या वर, कारण पाणी वाशाच्या कडेने चालत येतं आणि जिथे वासा संपतो तिथे टपकतं. तुझी आजी म्हणायची थेंबाकडे बघू नको, वाशाकडे बघ. गाडीतही एक गोष्ट मला खटकत होती, घरी उभी असली की पाणी पुढे पायात आणि मार्केटला गेली की सीटमागे. दोन गळत्या कशा असतील? मग डोक्यात आलं, रिकामी पिकअप मागून उंच असते, कॅरेट भरली की स्प्रिंगचे पाटे दबतात आणि मागून बसते. म्हणजे पाणी वरच कुठेतरी शिरतंय आणि गाडी जिकडे झुकेल तिकडे जातंय.

रविवारी पप्पांना नळी धरायला लावली आणि मी आत, बॅटरी घेऊन. बजावलं होतं की एकदम टपावर पाणी मारायचं नाही, खालून वर यायचं, एका जागी पाच-सात मिनिटं, नाहीतर सगळीकडूनच ओलं होतं आणि काही कळत नाही. आधी दारं, आत कोरडं. मग वायपरखालची जाळी, तिथे कडुलिंबाची पानं आणि चिखल असा कुजून बसला होता की पाणी तुंबून काठोकाठ आलं, तेही काढलं, पण आत थेंब नाही. मागची काच, कोरडी. मी छताचं लायनिंग कोपऱ्यातून सोडवून काचेच्या कडेच्या खांबावर खडूने आडव्या रेघा मारून ठेवल्या होत्या. नळी टपावर गेली आणि चौथ्या मिनिटाला सगळ्यात वरची रेघ काळी पडली, मग तिच्याखालची, मग तिच्याखालची. मी आतून ओरडले, थांबा थांबा, हलू नका!

पप्पा खाली चहा करायला गेले तेव्हा मी स्टूल घेऊन टपावर बघितलं. आणि ओंकार, तिथे काय होतं ते तुला माहितीये. मागच्या शिवजयंतीला तू आणि तुझ्या दोस्तांनी लाइटची पट्टी बसवली होती, पप्पा चिडले म्हणून काढली, आणि बोल्टच्या होलांत पुट्टी भरून वरून पांढरा रंग मारला. उन्हाळ्यात पत्रा तापतो, रात्री गार होतो, पुट्टीला गोल चीर गेली आणि खाली चांगलाच गंज धरला.

दुरुस्ती द्वारका चौकाकडच्या डेंटरने केली. वेल्डिंग नको म्हणाला, आतलं लायनिंग जळेल. पुट्टी काढून पॉलिशपेपरने पत्रा चकचकीत केला, रेड ऑक्साइड मारलं, मग पीयू सीलंट भरून रबरी वायसर लावून स्टीलचे बोल्ट आवळले आणि एक दिवस गाडी छपराखाली ठेवायला लावली. पप्पांचं सिलिकॉन बघून त्याने कपाळाला हात लावला. लावताना लोणच्यासारखा आंबूस वास आला होता का विचारलं, म्हणे तसलं सिलिकॉन पत्र्याला गंजवतं, शिवाय त्याच्यावर दुसरं काही चिकटत नाही. अर्धा दिवस ब्लेडने खरवडण्यातच गेला.

मॅटखालचा फोम मात्र चार दिवस पंख्यासमोर ठेवला तेव्हा वाळला. या श्रावणात ऊन कुठलं.

पप्पांना मी एवढंच सांगितलंय की टपावर जुना गंज होता. डेंटरलाही डोळ्यानेच गप्प केलं. दिवाळीला आलास की तूच सांग, मी मध्ये पडणार नाही.

पण एक गोष्ट आत्ताच हवीये. त्या लाइटला बोल्ट चार होते ना? मला होलं तीनच सापडली. टपावर पुढे तू लावलेलं मोठं स्टिकर आहे, त्याच्याखाली तर नाही ना चौथं? आज रात्रीच कळव, पप्पा पहाटे चारला कॅरेट भरून निघतायत आणि आभाळ काळं झालंय.

तुझी आई