सांवेर रस्त्यावरच्या मावशी आणि त्यांच्या मुलाचे आभार

बोकड विकायला इंदूरला नेताना सांवेर रस्त्यावर आमचा टेम्पो बंद पडला. तेवढ्यात मोठ्या बोकडाची डावी कूस ढोलासारखी फुगली, धाप लागली. कोवळ्या बरसीम चाऱ्याची पोटफुगी! आईनं पिल्लापासून वाढवलेलं जनावर ते.

शेजारच्या शेतातल्या मावशी गोडेतेलाची बाटली घेऊन धावत आल्या. तेलानं पोटातला फेस मोडतो. त्यांच्या मुलानं बोकडाचे पुढचे पाय बांधावर चढवले आणि घोट-घोट तेल पाजलं, अजिबात घाई न करता, कारण श्वासनलिकेत गेलं तर जनावर दगावतं. मग ढेकर येईपर्यंत दोघं कूस चोळत राहिले. उरलेल्या बोकडांनाही पाणी दाखवलं. पैसे घेतलेच नाहीत.

मावशी, बोकड आता नीट रवंथ करतोय. पुढच्या हाटाला जाताना आईला घेऊन तुमच्याकडे येतोच.