पाय डेला पाठांतर नको, दोरा द्या

संपादक महोदय,

14 मार्चला पाय डे असतो (पाय म्हणजे π, कुठल्याही वर्तुळाच्या घेराला व्यासाने भागल्यावर येणारी संख्या, साधारण 3.14), युनेस्कोने 2019 मध्ये तोच दिवस आंतरराष्ट्रीय गणित दिन म्हणून जाहीर केला, पण बऱ्याच वर्गांत होतं काय तर पायचे आकडे धडाधड म्हणून दाखवायची स्पर्धा. त्यात गणित कुठेय? त्यापेक्षा मुलांच्या हातात दोरा आणि पट्टी द्या, झाकणं, डबे, सायकलचं चाक, जे गोल दिसेल ते मोजू दे, घेराला व्यासाने भागू दे. कुणाचं 3.1 येतं, कुणाचं 3.2, मग सगळ्यांची सरासरी काढायची, ती 3.14 च्या जवळ सरकते तेव्हा मुलांचे चेहरे बघाच एकदा! दहा अंकांना दहा रंग देऊन पायची कागदी साखळीपण मस्त होते.

- एक गणित शिक्षिका