फॉरमॅट मारण्याआधी विचारायला कुणीतरी हवं
माहिती तंत्रज्ञान मंत्र्यांना नाशिकहून खुले पत्र

प्रति,
मा. माहिती तंत्रज्ञान मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई

महोदय,
सादर नमस्कार.

नाशिकला सिडकोत माझं संगणक दुरुस्तीचं छोटं दुकान आहे. डीटीपीवाले, कर सल्लागार, शिक्षक, अंबड-सातपूरचे लघुउद्योजक, दिंडोरी-निफाडकडचे द्राक्ष बागायतदार ही माझी गिऱ्हाइकं. यांच्यापैकी कुणाच्या संगणकात रॅन्समवेअर, म्हणजे फाइली कुलूपबंद करून त्या सोडवायला पैसे मागणारा प्रोग्रॅम, शिरला की तो सहसा पोलिसांकडे जात नाही, सरकारी संकेतस्थळही उघडत नाही. सीपीयू उचलतो आणि थेट दुकानात येतो. आमच्या धंद्यात त्याला मिळणारं उत्तर ठरलेलं: "व्हायरस आहे, फॉरमॅट मारून देतो." संध्याकाळपर्यंत मशीन चालू, आणि सात-आठ वर्षांचं काम कायमचं गेलेलं. हे नुकसान मंत्रालयापर्यंत पोचत नसावं, म्हणून लिहितो आहे.

मोठे हल्ले आपल्याला ठाऊकच आहेत. मार्च 2021 मध्ये एमआयडीसीच्या संगणक यंत्रणेवर झाला, नोव्हेंबर 2022 मध्ये दिल्लीच्या एम्सवर. जुलै 2024 च्या शेवटी लहान बँकांना तांत्रिक सेवा पुरवणारी एक कंपनी अशाच हल्ल्यात सापडली आणि सुमारे 300 सहकारी व ग्रामीण बँकांचे व्यवहार अडले. तिथे तज्ज्ञांची पथकं धावतात. घरच्या संगणकासाठी धावतो तो गल्लीतला दुरुस्तीवाला, आणि त्याला हे कुणी शिकवलेलं नसतं.

घरगुती संगणकांवर वर्षानुवर्षं सर्वाधिक आढळलेला प्रकार म्हणजे स्टॉप, ऊर्फ डीजेव्हू. तो बहुतेक वेळा क्रॅकमधून, म्हणजे परवान्याचं कुलूप तोडून फुकट वाटलेल्या सॉफ्टवेअरमधून येतो. फुकटचं कोरलड्रॉ, फुकटचं टॅली, विंडोजचा अ‍ॅक्टिव्हेटर. डाउनलोड करताना "अँटीव्हायरस थोडा वेळ बंद करा" अशी सूचना असते आणि माणूस ती इमानेइतबारे पाळतो. मग पडद्यावर विंडोज अपडेटची खोटी खिडकी उघडते. ती सरकत असताना मागे एकेक फाइल कुलूपबंद होत जाते, नावापुढे अनोळखी शेपूट लागतं, विंडोजने राखलेल्या जुन्या प्रती पुसल्या जातात आणि फोल्डराफोल्डरात एक चिठ्ठी उरते: 980 डॉलर द्या, 72 तासांत आलात तर 490. गिऱ्हाइकाला अशी घाई लावणं आमच्याकडच्या सेलवाल्यांनाही जमलेलं नाही.

इथे लोकांचा एक समज पक्का असतो, आणि बऱ्याच दुकानदारांचाही: व्हायरस काढला की फाइली उघडतील. साप मारला म्हणून विष उतरत नाही. तो प्रोग्रॅम काढणं तुलनेने सोपं आहे. नेट तोडायचं, पेनड्राइव्ह आणि बाहेरची हार्डडिस्क काढायची, दुसऱ्या संगणकावरून गुगल ड्राइव्ह-वनड्राइव्हचं सिंक थांबवायचं, म्हणजे बिघडलेल्या फाइली चांगल्यांवर चढत नाहीत. मग विंडोजच्या स्वतःच्या अँटीव्हायरसचा, डिफेंडरचा, ऑफलाइन स्कॅन चालवायचा. ठरल्या वेळी प्रोग्रॅम आपोआप चालू करणारा विंडोजचा टास्क शेड्युलर तपासायचा, कारण डीजेव्हू तिथे स्वतःला दर काही मिनिटांनी उठवायची सोय करून ठेवतो आणि परत आणलेल्या फाइलीही पुन्हा बंद होतात. कोणतं संकेतस्थळ कुठे उघडायचं हे संगणकाला सांगणारी होस्ट्स फाइल बघायची, कारण मदत देणारी संकेतस्थळं त्याने तिथे अडवून ठेवलेली असतात. आणि बँकेपासून मेलपर्यंतचे सगळे पासवर्ड दुसऱ्या उपकरणावरून बदलायचे. डीजेव्हूच्या जोडीने पासवर्ड चोरणारा दुसरा प्रोग्रॅम अनेकदा आलेला असतो. ही गोष्ट आमच्यापैकी फार थोडे जण गिऱ्हाइकाला सांगतात.

एवढं झाल्यावरही फाइली बंदच राहतात. त्यांची किल्ली हल्लेखोराच्या सर्व्हरवर असते, आणि आजचं एन्क्रिप्शन, म्हणजे हे डिजिटल कुलूप, गणिताने फोडता येत नाही. तरीही काही जणांच्या फाइली परत येतात, त्या फॉरमॅट मारला नसेल तरच. हल्ल्याच्या वेळी डीजेव्हूचा त्याच्या सर्व्हरशी संपर्क झाला नसेल, तर तो स्वतःजवळची ठरावीक किल्ली वापरतो. अशा वेळी चिठ्ठीतल्या वैयक्तिक आयडीच्या शेवटी इंग्रजी 't1' असतं. अशा काही किल्ल्या एम्सिसॉफ्ट या सुरक्षा कंपनीच्या मोफत साधनात जमा झाल्या आहेत. शिवाय हा प्रकार प्रत्येक फाइलचा सुरुवातीचा सुमारे 150 केबी भागच बिघडवतो, त्यामुळे लग्नाचे मोठे व्हिडिओ दुरुस्त होण्याची शक्यता असते. 2016 मध्ये युरोपोल, डच पोलीस आणि दोन सुरक्षा कंपन्यांनी मिळून सुरू केलेल्या 'नो मोअर रॅन्सम' संकेतस्थळावर बंद फाइल आणि चिठ्ठी चढवली की कोणता प्रकार आहे आणि त्यावर मोफत उपाय आहे का, ते कळतं. आज उपाय नसेल तर बंद फाइली वेगळ्या डिस्कवर जपून ठेवाव्यात. एप्रिल 2020 मध्ये शेड नावाच्या रॅन्समवेअरच्या कर्त्यांनी स्वतःच साडेसात लाख किल्ल्या जाहीर केल्या होत्या. ज्यांनी डिस्क पुसली होती त्यांना त्यांचा काय उपयोग?

यूट्यूबवर "फाइली परत मिळवा" म्हणणाऱ्यांचा तर वेगळाच बाजार आहे. 2020 मध्ये डीजेव्हू उघडून देतो म्हणणारं एक बनावट साधन त्याच फाइलींवर दुसरं कुलूप चढवत होतं.

आता पोलिसांबद्दल. माझ्या एका गिऱ्हाइकाला पोलीस ठाण्यात विचारलं गेलं, "पैसे किती गेले?" एकही रुपया नाही म्हटल्यावर, "मग तक्रार कशाची?" तो बागायतदार. फवारणीच्या नोंदी आणि निर्यातीच्या मालातल्या औषधांच्या अंशाचे रेसिड्यू रिपोर्ट त्या मशीनमध्ये होते. खंडणी दिली नाही तरी माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम 66 खाली हा गुन्हाच आहे. पण 1930 या क्रमांकाची सायबर हेल्पलाइन मुळात खात्यातून गेलेले पैसे वाटेत गोठवण्यासाठी उभी राहिली, आणि त्या कामात ती उपयोगी आहेच. ज्याच्या फाइली अडकल्या त्याला पहिल्या तासात काय करू नये हे सांगणारा आवाज मात्र कुठेच नाही.

म्हणून माझी पहिली मागणी अगदी स्वस्त आहे: मराठीत एक पान. नेट तोडा, चिठ्ठीचा फोटो काढा, फाइलींची नावं बदलू नका, पैसे देऊ नका, फॉरमॅट मारू नका, तक्रार इथे करा. ते प्रत्येक सायबर पोलीस ठाण्यात आणि प्रत्येक आपले सरकार सेवा केंद्रात लावावं. केंद्र सरकारच्या सायबर स्वच्छता केंद्राची मोफत साधनं 2017 पासून आहेत. त्यांचं नाव माझ्या दुकानात आलेल्या एकाही माणसाने ऐकलेलं नव्हतं.

दुसरी मागणी आमच्याविषयी. दुरुस्तीवाल्यांना दोन दिवसांचं प्रशिक्षण द्या. आयटीआयच्या संगणक ऑपरेटर अभ्यासक्रमात आणि एमएस-सीआयटीत बॅकअपचा प्रत्यक्ष तास ठेवा. बॅकअप घेऊन दाखवणं पुरेसं नाही, तो परत उतरवून दाखवायला लावा. हार्डडिस्क कायम संगणकाला जोडलेली ठेवून "माझा बॅकअप आहे" म्हणणारे पुष्कळ भेटतात. रॅन्समवेअर ती डिस्कही सोडत नाही. त्र्यंबकेश्वरच्या तीर्थपुरोहितांच्या वंशावळीच्या चोपड्या पिढ्यान्‌पिढ्या टिकल्या, आणि आमच्याकडे पाच वर्षांपूर्वीचे मुलाच्या बारशाचे फोटो राहत नाहीत.

तिसरी मागणी करताना थोडा कडवटपणा येईल, माफ करावं. विंडोज 10 चा नेहमीचा सुरक्षा-आधार 14 ऑक्टोबर 2025 ला संपला. वॉनाक्राय नावाच्या रॅन्समवेअरने मे 2017 मध्ये जगभर थैमान घातलं, तेव्हा विंडोजच्या ज्या फटीतून ते शिरलं तिच्यावरचं अपडेट मार्चमध्येच आलेलं होतं. ज्यांनी ते टाकलं नव्हतं ते सापडले. सेवा केंद्रांच्या संगणकांवर लोकांच्या आधारच्या, सातबाऱ्याच्या, दाखल्यांच्या प्रती पडून असतात. त्यांतली किती यंत्रं जुनी आहेत, किती क्रॅकवर चालतात, याची जिल्हावार तपासणी करून आकडे जाहीर करावेत. नाशिकपासून सुरुवात करा. 2027 च्या सिंहस्थात इथली प्रत्येक लॉज आणि धर्मशाळा लाखो यात्रेकरूंची ओळखपत्रं अशाच संगणकांवर साठवणार आहे.

त्या एका पानाचा मसुदा मी साध्या मराठीत लिहून ठेवला आहे. आपल्या कार्यालयाने मागवला तर लगेच पाठवतो; चुका असतील त्या तज्ज्ञांनी दुरुस्त कराव्यात. छपाईचा खर्च जड वाटत असेल तर सिडकोतल्या दुकानांपुरत्या प्रती आम्ही दुकानदार काढून घेऊ.

कळावे,
आपला,
सिडको, नाशिक येथील एक संगणक दुरुस्तीवाला