तुझ्या शेतातले उंदीर हवेत

कोल्हापूर

प्रिय दिगंबर,
सप्रेम नमस्कार.

कारखान्यांतून जमिनीत किती विषारी धातू मुरतात हे पाहण्यासाठी नाल्याचे पाणी तपासायचे सोडून मी उसात उंदीर का धरत फिरतो, हा तुझा प्रश्न रास्त आहे. पाण्याची बाटली ज्या सकाळी भरली त्या सकाळपुरतेच सांगते. आदल्या रात्री काय सोडले गेले आणि पहाटेपर्यंत काय वाहून गेले, याचा तिला पत्ता नसतो. उंदीर मात्र त्याच बांधात जन्मतो, तिथलीच माती उकरतो, तिथलेच दाणे, मुळ्या आणि किडे खातो आणि थोडक्या जागेत त्याचे आयुष्य संपते. त्यामुळे त्याच्या अंगात जे साठते ते त्या जागेचेच, असे बऱ्याच खात्रीने म्हणता येते. दूरवर उडणाऱ्या पक्ष्याबद्दल तसे म्हणता येत नाही.

शिसे कॅल्शियमची जागा घेऊन हाडात बसते. कॅडमियम हा विषारी धातू मेटॅलोथायोनीन नावाच्या प्रथिनाला चिकटून यकृतात आणि पुढे मूत्रपिंडात गोळा होते, आणि तिथून ते सहजी बाहेर पडत नाही. जस्त आणि तांबे शरीराला लागतातच, त्यामुळे त्यांचे प्रमाण शरीर स्वतः आवरते. केवळ ते बेताचे दिसले म्हणून माती स्वच्छ ठरत नाही. शिरोली आणि गोकुळ शिरगावकडे फाउंड्र्या, म्हणजे धातू ओतायचे कारखाने, असल्यामुळे मी शिशाबरोबर क्रोमियम आणि मँगनीजही मोजणार आहे.

१९९८ साली स्पेनमध्ये अझ्नालकोयारच्या खाणीचा बांध फुटून विषारी गाळ ग्वादियामार नदीत उतरला. पुढे तिथल्या रानउंदरांच्या रक्तपेशी 'कॉमेट' चाचणीने तपासल्या, तेव्हा डीएनएला इजा झालेली आढळली. या चाचणीत तुटलेला डीएनए विजेच्या प्रवाहाने पेशीबाहेर ओढला जातो आणि धूमकेतूच्या शेपटासारखा दिसतो. प्राणी वरून धडधाकट असतानाही आतली इजा अशी पाहता येते, हे मला फार मोलाचे वाटते.

गेल्या वर्षी माझी मोठी चूक झाली. कारखान्यांजवळ वयस्क घुशी सापडल्या आणि लांबच्या गावात शेतउंदरांची पिल्ले, आणि मी त्यांची सरळ तुलना केली. कॅडमियम वयाबरोबर वाढते आणि दोघांचा आहारही निराळा, तेव्हा ते सगळे आकडे बाद करावे लागले. आता जात एकच घेणार, आणि वय डोळ्याच्या वाळवलेल्या भिंगाच्या वजनावरून ठरवणार.

म्हणून तुलनेसाठी कारखान्यांपासून लांब असलेले, राधानगरीकडचे तुझे शेत हवे आहे. तोवर तिथे झिंक फॉस्फाइडचे, म्हणजे जस्त असलेल्या उंदराच्या विषाचे, आमिष कृपा करून ठेवू नकोस. उंदीरही जातील आणि जस्ताचे आकडेही बिघडतील. स्फुरदयुक्त खतांतूनही कॅडमियम जमिनीत येते, तेव्हा गेल्या तीन हंगामांत सुपर फॉस्फेटची किती पोती टाकलीस ते लिहून ठेव. पिंजरे, शेंगदाण्याचे आमिष आणि हातमोजे मी आणतो. उंदरांच्या लघवीतून पसरणाऱ्या लेप्टोस्पायरोसिस या रोगाची भीती खरी आहे, म्हणून मुलांना पिंजऱ्यांना हात लावू देऊ नकोस. ऊसतोड कधी सुरू होते ते कळव, म्हणजे त्याच्या आधी येता येईल.

तुझा,
सुधाकर